दोन मिनिटं घरगुती बोलणं

पोलिसांसाठी मी नऊ वर्षं दुसऱ्यांचे फोन ऐकले. चोरून ऐकले म्हणा हवं तर. सरकारी परवानगीने चोरून. या अंकाच्या संपादकांनी आग्रह केला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. मग ते म्हणाले, "बाई, गमतीजमती लिहा, लोकांना आवडतं." म्हणून लिहायला बसले आहे. गमती आहेत, सांगते. पण त्या लवकर संपतात आणि त्यापुढे जे आहे ते सांगायलाच मी खरं तर होकार दिला. माणसांची नावं बदलली आहेत. माझं बदललेलं नाही, कारण ते मी लिहिलेलंच नाही.

मी मूळची साक्री तालुक्यातली. घरात बोलणं अहिराणी. आजोळ गुजरातच्या हद्दीला लागून, त्यामुळे गुजराती कानावरून गेलेली नव्हे, कानात बसलेली. लग्न होऊन जळगावला आले आणि टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. ट्रंक कॉलचे ते दिवस. माणसं नंबर बुक करून तास-तासभर फोनपाशी बसून राहायची आणि आम्ही त्यांच्या बोलण्यात मध्येच "थ्री मिनिट्स" म्हणून पचकायचो. पुढे थेट फोन लागू लागले, बोर्डावरचं काम आटलं आणि आम्ही पाच-सहा जणी सरकारी खुर्च्या उबवत बसलो.

त्याच सुमारास एक दिवस आमच्या साहेबांनी बोलावून विचारलं, "तुम्हाला अहिराणी किती येते?" मी म्हटलं, "साहेब, मराठी किती येते ते विचारा." ते हसले, पण त्यांच्या शेजारी बसलेले पोलीस अधिकारी हसले नाहीत. दुसऱ्या आठवड्यापासून मी उसनवारीवर पोलिसांच्या एका शाखेत गेले. शाखेचं नाव सांगत नाही. आता तिथली सगळी माणसंही बदलली.

काम काय होतं ते सांगते. कोणाचा फोन ऐकायचा हे वरचे लोक ठरवत. तशी लेखी मंजुरी येई. मग त्या फोनवरचं बोलणं कॅसेटवर भरलं जाई आणि देवराम हवालदार त्या कॅसेटी कापडी पिशवीतून माझ्या खोलीत आणून देत. देवरामभाऊ भडगावचे, गिरणाकाठचे. पिशवी अशी धरत की कोणालाही वाटावं बाजारातून वांगी आणली. मी कानाला हेडफोन लावायचा, ऐकायचं, थांबवायचं, मागे न्यायचं, परत ऐकायचं आणि मराठीत लिहून काढायचं. तासाभराच्या बोलण्याला अख्खा दिवस लागे. मूळ बोलणारा अहिराणीत मनमोकळा बोललेला असे, त्याला मी सरकारी मराठीत आणायचे. "काय करी राहिना रे भो" याचं "आपण काय करीत आहात" झालं की मला स्वतःचाच राग यायचा. पण कोर्टाला भो चालत नाही.

एकच माणूस दिवसात चार माणसं असतो, हे मला त्या खोलीत कळलं. आईशी अहिराणीत बोलणारा गरीब लेकरू असतो. तोच वकिलाशी छापील मराठीत बोलतो, ड्रायव्हरवर हिंदीत खेकसतो आणि सुरतच्या व्यापाऱ्याशी गुजरातीत इतका गोड होतो की मला चहात साखर नको वाटायची.

एक होता धुळ्याचा. त्याला संशय आला होता की आपला फोन कोणीतरी ऐकतंय. पण बोलणं त्याने बंद केलं नाही. प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचा, "अन् जो आयकी राहिना, त्याले बी रामराम!" पहिल्या वेळी मी दचकले. पुढे पुढे बंद खोलीत मीही "रामराम भाऊ" म्हणू लागले. देवरामभाऊंनी एकदा ऐकलं आणि त्यांना वाटलं बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

एकदा मात्र मी भाव खाऊन घेतला. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याला धमक्यांचे फोन येत. फोन करणारा अहिराणी बोले, म्हणून सगळे साक्रीकडे धावाधाव करत होते. मी दोन कॅसेटी ऐकल्या आणि साहेबांना म्हटलं, "हा आमच्याकडचा नाही. 'आहे'ला 'शे' म्हणतो खरा, पण उसनं आणल्यासारखा. रागावला की रावेरकडचं बोलणं बाहेर पडतं. माणूस तिकडे शोधा." तिकडेच सापडला. त्या हिवाळ्यात साहेबांनी मळ्यात सगळ्या शाखेला भरीत खाऊ घातलं आणि पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी हवेत होते, खोटं कशाला बोलू?

आता त्या कामातली एक रीत सांगते, कारण माझं पाप त्या रीतीत आहे.

आपल्या लोकांचं बोलणं मुद्द्यावर यायला वेळ लागतो. दरोड्याचं ठरवायचं असलं तरी आधी पाऊसपाणी, म्हैस कितवी व्याली, सुनेला कितवा महिना. सुरुवातीला मी हे सगळं इमानेइतबारे लिहीत होते. साहेब वैतागले. "बाई, मला केळीची लावण आणि सुनेचं बाळंतपण नको. कामाचं तेवढं लिहा." मग मी मधला मजकूर गाळून कंसात लिहू लागले, "घरगुती बोलणे". किती वेळ ते शेजारी टाकायचं: तीन मिनिटे, पाच मिनिटे. एका संशयिताच्या आईने सुरतच्या लेकीला फोनवर कैरीचं लोणचं सांगितलं, ते मी तीनदा मागे नेऊन ऐकलं, दरवर्षी तसंच घालते. पण कागदावर तेही "घरगुती बोलणे, सहा मिनिटे".

कॅसेटींची कायम टंचाई. म्हणून मी टेप-रेकॉर्डरवरचे आकडे बघून "इथपासून इथपर्यंत कामाचं" अशी यादी करून द्यायची, तेवढा भाग दुसऱ्या कॅसेटवर उतरवून कोर्टासाठी ठेवायचा आणि मूळ कॅसेट पुसून पुन्हा कामाला लावायची. म्हणजे काय राहणार आणि काय कायमचं जाणार, हे टेलिफोन खात्यातली एक उसनी बाई ठरवत होती. त्याचं मला कधी ओझं वाटलं नाही. उलट मी झपाट्याने काम उरकते याचा अभिमान होता. प्रत्येक कागदाखाली माझी सही असे आणि सहीच्या वर छापील ओळ: "वरील भाषांतर खरे व पूर्ण आहे."

रावेरकडच्या एका केळी पाठवणाऱ्या कचेरीचा फोन ऐकण्याची मंजुरी आली, ती गांजाच्या संशयावरून. केळीच्या ट्रकमधून माल उत्तरेला जातो अशी खबर होती. तिथे मुनशी होता सुकदेव. गाड्या भरून घ्यायच्या, पावत्या करायच्या, हे त्याचं काम. मूळचा आमच्या साक्रीकडचाच, नोकरीसाठी बायकोला घेऊन तिकडे राहिलेला. आवाज ऐकला की माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटे. बोलण्यात कधी वावगं सापडलं नाही. नुसता कामाचा माणूस.

एका सकाळच्या बोलण्यात तो मालकाला म्हणाला, "उद्यानी गाडी मी सोता उभा राहीसन भरसू. चिंता करू नका." हे मी शब्दाला शब्द उतरवलं: उद्याची गाडी मी स्वतः उभा राहून भरीन. त्याच दुपारी त्याला साक्रीहून मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा फोन आला. मेहुणा म्हणाला की आबांची तब्येत जास्त आहे, तुम्ही दोघं लगेच निघा. आबा म्हणजे सुकदेवचे सासरे.

आमच्याकडे फोनवर मरण सांगत नाहीत. तब्येत जास्त आहे, निघून या, एवढंच म्हणतात. ऐकणारा विचारतो, दवाखान्यात आहेत की घरी? घरीच आहेत असं उत्तर आलं की त्याने समजायचं. पुढे दोघंही ते तोंडातून काढत नाहीत, नाहीतर लेक अख्ख्या वाटेने ऊर बडवत यायची. मी त्याच मातीतली. मला पहिल्या वाक्याला कळलं. हेडफोन काढून मी देवरामभाऊंना म्हणालेसुद्धा, "गेला हो बिचारीचा बाप." त्यांनी टोपी काढली. मग मी हेडफोन लावला, ऐकणं संपवलं आणि लिहिलं: "घरगुती बोलणे, दोन मिनिटे".

ती कॅसेट माझ्याकडे आली तोवर पुढचा प्रकार होऊन गेलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेला ट्रक नाक्यावर अडवला आणि केळीच्या घडांखाली गांजाची पोती निघाली. पावतीवर सही सुकदेवची. मुनशी लोक आदल्या दिवशीच कोऱ्या पावत्यांवर सह्या करून ठेवतात, हे त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक, पण कागदाला ठाऊक नसतं. सुकदेव तेराव्याहून परत आला तो थेट बेड्यांत. गांजाच्या गुन्ह्यात जामीन मिळणं कठीण. माल कोणी ठेवला हे मला आजही माहीत नाही. एवढंच माहीत आहे की गाडी भरताना तो तिथे नव्हता.

हे मला तेव्हा जुळवता आलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. त्या आठवड्यात अकरा कॅसेटी होत्या, ट्रक किती वाजता भरला ते मला कोणी सांगितलं नव्हतं. इथवर ते खरंही आहे. माझी यादी गेली, सकाळचं बोलणं कोर्टासाठी उतरवलं गेलं आणि मूळ कॅसेट पुसली गेली.

खटला उभा राहिला दोन वर्षांनी. भाषांतर माझं, म्हणून मला साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलांनी सही ओळखायला लावली, मी ओळखली. मग आरोपीचे वकील उठले. भुसावळचे, तरुण, कोटाची बाही जरा लांब झालेली. त्यांनी कागद पुढे धरला.

"बाई, ही कंसातली दोन मिनिटं. यात काय बोलणं होतं?"

मी आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ज्यांचे आवाज ऐकले त्यांतला हा पहिला चेहरा मी पाहत होते. वाटलं त्यापेक्षा लहानखुरा होता. तो कठडा धरून पुढे झुकला होता. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, उलट जरा हायसं वाटल्यासारखा दिसत होता. जिने स्वतःच्या कानांनी ऐकलं ती आली आहे, आता सांगेल, असं त्याला वाटत असणार.

आणि मला सगळं आठवलं. ट्रक, तारीख, आबा, सगळं एका झटक्यात जुळलं.

"तपशील आठवत नाही," मी म्हणाले.

"यांच्या मेहुण्याचा फोन होता. सासरे गेल्याचा. गाडीवर मी थांबत नाही, माणसं भरून घेतील, असं यांनी त्यात सांगितलं. आठवतंय?"

"रोज वीस-पंचवीस बोलणी ऐकते, साहेब. नाही आठवत."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मी खाली उतरले. सगळं मिळून पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मला कोणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. साहेबांनी डोळे वटारले नाहीत, कोणी धमकी दिली नाही. सांगितलं असतं तर आज त्यांच्या नावाने बोटं मोडायची तरी सोय झाली असती. मला भीती वाटली ती त्या छापील ओळीची. "खरे व पूर्ण." आठवतं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग लिहिलं का नाही? आणि त्यामागून, आजवर अशी किती दोन मिनिटं गाळलीत? माझ्या हातचे शेकडो कागद होते. भरिताचं ताट होतं. मी स्वतःला वाचवलं. त्याला दुसरं नाव नाही.

वकिलांनी सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला आणला. त्याने सासरा मेला हे सिद्ध झालं, जावई तिथे होता हे नाही. मेहुणा आणि चार भाऊबंद साक्षीला आले. नात्यातले म्हणून त्यांचं कोणी धरलं नाही. सुकदेवला दहा वर्षं लागली.

त्यानंतर मी सगळं लिहू लागले. खोकला, उसासा, म्हशीचं वेत, मागे कुत्रं भुंकलं तर तेही. कंस बंद केले. साहेबांना कळेना बाईंना काय झालं. एका कॅसेटीला चार दिवस लागायला लागले. वर्षभरात त्यांनी मला मानाने परत टेलिफोन खात्यात पाठवलं, नारळ आणि शाल देऊन. उशिरा आलेलं शहाणपण कोणाच्या उपयोगी पडणार? सुकदेव तर आतच होता.

सहा वर्षांनी तो वरच्या कोर्टात सुटला. जप्तीच्या कागदांत काही दोष निघाला म्हणून. वर्तमानपत्रात चार ओळी होत्या, त्या मी कापून ठेवल्या. त्याच आठवड्यात जाऊन भेटायला हवं होतं. नाही गेले. नोकरी होती, पेन्शन होती, मुलीचं लग्न ठरत होतं. घरी यांनाही मी काही सांगितलं नव्हतं. आधी कामाची गुप्तता म्हणून आणि नंतर लाज म्हणून. निवृत्त झाल्यावर शाल, नारळ, भाषणं सगळं पार पडलं आणि त्यापुढच्या आठवड्यात मी साक्रीच्या एसटीत बसले.

सुकदेव सासरच्याच गावात राहत होता. मेहुणा मधल्या काळात वारला होता, त्याची जमीन हे दोघंच कसत होते. त्याची बायको सुमन दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तो पलीकडे ओट्यावर बसून दोर वळत होता. केस पांढरे झालेले. मी कोण ते सांगितलं, तेव्हा त्याने एकदा मान वर करून पाहिलं आणि परत दोराकडे पाहू लागला. सुमनने मला पाणी दिलं. दाराशी आलेल्याला आमच्याकडे पाणी देतातच.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फोन मी ऐकला होता, लिहिला नाही, कोर्टात खोटं बोलले. वाटेत घोकून ठेवलेली माफी मागितली. ती फार छापील निघाली. सुमनच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मग तिने विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"तुम्ही मना भाऊना आवाज आयकेल शे?"

"हो."

"त्या दिनले तो काय बोलना व्हता? आते तोबी नही शे. यास्ले इचारं तर हाई सांगतस, काही नही, आबानी तब्येत जास्ती शे इतलंच. माले बठ्ठं सांगा, अक्का. काय काय बोलना मना भाऊ?"

तिला बठ्ठं, म्हणजे सगळं, हवं होतं. मी तिच्यासमोर खाली बसले. डोळे मिटले. ते दोन मिनिटांचं बोलणं मी रोज नाही, पण इतक्या वेळा मनात मागे नेऊन ऐकलं होतं की कुठे श्वास घेतला तेही ठाऊक होतं. सरकारी मराठीत नाही, जसं होतं तसं सांगितलं, आधी मेहुणा, मग सुकदेव.

"भाऊ, आबानी तब्येत जास्ती शे. तुम्ही दोन्ही निघी या."

"दवाखानामा शेतस का घर?"

"घरच शेतस." इथे तो थांबला, खाकरला. "ताईले काही सांगू नका. वाटमा ती येडी व्हई जाई. तिले खावाले घाला आन मंग काढा."

"बरं. मी आत्ते निघस. सकायनी गाडी माणसं भरी लेतीन."

"ताईनं लुगडं मीच लई ठेयेल शे. ते तुम्ही आणू नका."

"बरं."

"भाऊ, ताईले सांभाया."

एवढंच होतं. नंतर फोन ठेवल्याचा आवाज. सुमनने पदर तोंडात धरला होता. तिला लुगड्याचं माहीत नव्हतं. त्या दिवशी दुखवट्याचं म्हणून तिला नेसवलं ते भावाने स्वतः जाऊन आणलं होतं, हे तिला आज कळलं. ती रडत म्हणाली, "माले जेवाडं व्हतं यास्नी. दोन भाकरी खाऊ घाल्यात. मी म्हनू, आज काबर इतला आग्रह."

ओट्यावरचा दोर वळायचा थांबला होता. सुकदेव माझ्याकडे पाहत होता. कोर्टात पाहिलं होतं तसंच, जरा पुढे झुकून.

"बठ्ठं याद शे तुम्हले, अक्का," तो म्हणाला.

"हो."

"त्या दिनले बी याद व्हतं?"

सुमनने डोळे पुसले आणि तीही माझ्याकडे पाहू लागली. अंगणात आम्ही तिघंच होतो आणि लिहून घ्यायला कोणी नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "त्या दिवशीही सगळं आठवत होतं."